दुसऱ्याच्या हातात माझा ठेका

बहिऱ्या माणसाच्या डोक्यात शांतता असते असं ज्यांना वाटतं, त्यांना माझं डोकं एक दिवस वापरायला द्यायची माझी तयारी आहे. कायची शांतता! कुकरची शिट्टी व्हायच्या आधी वाफ जशी चिरचिरते तसं माझ्या कानात सकाळपासून चालू असतं, आणि शिट्टी काही होत नाही. "बरं आहे बुवा तुमचं, कोणाची कटकट ऐकावी लागत नाही," असं लोक तोंडावर म्हणतात. मी त्यांच्या ओठांकडे बघतो आणि गप्प बसतो. चिडलो तर पुढचं वाक्य हुकतं.

असो. मी आमच्या गाण्याबद्दल लिहायला बसलो आहे. रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं त्यानंतरच्या वर्षांत आम्ही चौघांनी एक गाणं काढलं, त्याचा व्हिडिओ केला, आणि त्या गाण्यात ड्रम मी वाजवले आहेत. आज हे कोणाला सांगितलं आणि त्यानं तो व्हिडिओ पाहिलेला असला, तर तो म्हणतो, "छे, ड्रमवर तर दुसराच होता." त्याचं बरोबर आहे. माझंही बरोबर आहे.

हे समजायला आधी आमचं घर समजलं पाहिजे. बाबा रेल्वेच्या कारखान्यात होते, मालगाडीचे डबे दुरुस्तीला येतात तिथं. दिवसभर लोखंडावर लोखंड ठोकायचं. कॉलनीत आमच्यासारखी विदर्भातून आलेली बरीच बौद्ध कुटुंबं होती, आणि त्या कामावरचा जवळजवळ प्रत्येक बाप कानानं थोडाफार गेलेला. आमचे बाबा पुरते गेले होते. त्यामुळे घराच्या रीतीच वेगळ्या. कोणाशी बोलायचं तर आधी खांद्यावर बोटं ठोकायची, मग समोर येऊन उभं राहायचं, मग तोंड उघडायचं. पाठीमागून बोलणं म्हणजे बदतमीजी. दुसऱ्या खोलीतल्या माणसाला बोलवायचं तर लाइटचं बटण खालीवर करायचं, नाहीतर टाच जमिनीवर आपटायची. टीव्हीचा आवाज एवढा, की शेजारच्या बाया आपापल्या दारात भाजी निवडत आमच्या घरातली मालिका ऐकायच्या. वर्ध्याची आत्या आली की उंबऱ्यातूनच विचारायची, "काहून वो, भांडण चालू हाये का?"

खुणा मात्र फक्त बाबांसाठी होत्या. जेवण म्हणजे बोटं जुळवून तोंडाकडे, चहा म्हणजे बशी ओठाला लावल्यासारखा हात. माझ्याशी कोणी खुणेनं बोललेलं आईला खपत नसे. शेजारची काकू एकदा सवयीनं मलाच चहाची खूण करून बसली, तर आई उखडली. "माह्या पोट्ट्याले कान हायेत. तोंडानं विचार त्याले." काकू बिचारी वरमली. तो चहा मी प्यायलोच नाही.

आईला एवढा राग का यायचा ते मला उशिरा कळलं. लग्न झाल्यापासून तिला नवऱ्याशी एक शब्द हळू बोलता आला नव्हता. सासूचं गाऱ्हाणं असो, अंगावरचं दुखणं असो, नवराबायकोतलं काही असो, सगळं ओरडून. आणि ओरडलं की साऱ्या गल्लीला माहीत. मग तिनं बरंचसं बोलणंच सोडून दिलं. भांडी घासता घासता ती एकटीच पुटपुटायची, ते बहुतेक बाबांशीच असावं.

माझी शाळा संपली तेव्हा बाबांच्या मनात मला कारखान्यात चिकटवायचं होतं. त्यांनी साहेबाच्या कानावर घातलंही होतं. आई त्यांच्या समोर उभी राहिली आणि म्हणाली, "काहीही मागा, याचे कान मी त्या कारखान्याले देणार नाही. याच्या बायकोले तरी हळू बोलता आलं पाहिजे!" हेही अर्थात ओरडूनच. दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या पोट्ट्या मला पाहून हसत होत्या. पण आईनं बाबांशी जिंकलेलं ते एकच भांडण मला आठवतं.

मला ठोकायला मात्र आवडायचं, ते रक्तातच असेल. घरात मी तखतावर चमचे घेऊन सराव करायचो आणि बाबा त्याच तखतावर मांडी घालून बसायचे. त्यांना ऐकू काही येत नसे, पण लाकडातून ठेका अंगात चढायचा. मधेच मान डोलावून म्हणायचे, "हां, आता जमलं." आईला वाटलं, गाणंबजावणं केलं तर काय बिघडतं, कान तरी शाबूत राहतील. म्हणून मी धुमालमध्ये गेलो तेव्हा तिनं अडवलं नाही. उलट विहारात भेटेल त्या बाईला सांगितलं.

रायपुरात धुमाल माहीत नाही असा माणूस नाही. ट्रकवर चढवलेला बँड. मागे स्पीकरची भिंत, पुढे कीबोर्ड, ढोल, ताशे, आणि समोर नाचणारी बम गर्दी. गणपती, दुर्गा, लग्नं. माझी जागा त्या भिंतीला पाठ लावून. आवाजानं बरगड्या हलायच्या आणि मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू? सीझन संपला की कान काही दिवस दगड व्हायचे, मग हळूहळू परत यायचे. एका सीझननंतर ते परत आलेच नाहीत.

दुसऱ्या कोणाच्या घरात असतो तर चार दिवसांत पकडला गेलो असतो. आमच्या घरात लपायला काही करावंच लागलं नाही. सगळे खांद्यावर ठोकूनच बोलायचे, समोर येऊनच बोलायचे, तोंड मोठं उघडूनच बोलायचे. बाबांसाठी जे जे केलं होतं त्या सगळ्याच्या आडोशाला मी बसलो होतो. कधी एखादी हाक हुकली तर आई म्हणायची, "भाव खाऊन राहिला साहेब." मी हसायचो. तिला कळू द्यायचं नाही, आणि तिच्या कानावर जाऊ नये म्हणून बाहेरही कोणाला नाही, एवढंच मी ठरवलं होतं. तिनं आयुष्यात एक गोष्ट वाचवली होती, आणि ती वाचलेली नाही हे सांगायचं कोणत्या तोंडानं?

तेवढ्यात राजधानी झाली. भोपाळहून अधिकाऱ्यांची कुटुंबं रायपूरला आली, भाडी वाढली, लाल दिव्याच्या गाड्या वाढल्या आणि सगळं शहर खणायला काढलं. असाच एका साहेबाचा मुलगा तेलीबांध्याकडच्या बंगल्यात आला. गळा चांगला, केस लांब, आणि इथं रॉक बँड नाही याचं त्याला फार दुःख. आमच्या कॉलनीतल्या हेडक्लार्कचा, म्हणजे ब्राह्मणाच्या घरचा मुलगा माझा मित्र होता, तो बास गिटार वाजवायचा. त्यानं मला नेलं. एक गिटारवालाही मिळाला. चौघांची मोट बांधली गेली.

बँडमध्ये माझं बहिरेपण लपवणं घरापेक्षाही सोपं होतं, हे ऐकून लोकांना हसू येतं. अहो, ड्रमवाला कोणाच्या मागे जात नाही, बाकीचे त्याच्या मागे येतात. मी प्लायवूडची एक मोठी फळी आणली होती. माझं स्टूल त्या फळीवर आणि बासचा ॲम्प्लिफायरही त्याच फळीवर. पायातून बास कळायचा, गिटारवाल्याच्या हाताकडे पाहून गाण्याची जागा कळायची. सगळ्यांना वाटायचं ही माझी स्टाइल आहे. गायक इतरांना कौतुकानं सांगायचा, "इसका अपना तरीका है."

गाण्याचं नाव होतं 'असुविधा के लिए खेद है'. प्रत्येक खणलेल्या रस्त्यावर ही पाटी लागलेली असायची, तिचंच गाणं केलं. चांगलं होतं. रागीट होतं. गोल बाजारामागच्या गल्लीत एक स्टुडिओ होता, तिथं नवरात्राची देवीची गाणी रेकॉर्ड व्हायची. तिथं मी फळी घेऊनच गेलो. हेडफोनात मला नुसती गुरगुर, पण पायात सगळं स्वच्छ होतं. ड्रम पहिल्याच दमात झाले. स्टुडिओवाला काचेमागून उठून उभा राहिला. गायकानं मला मिठी मारली आणि म्हणाला, "भाई, तू मशीन है क्या?" हे मी त्याच्या ओठांवर वाचलं. तेवढा आनंद मला पुन्हा झालेला नाही.

एकाच गाण्याची सीडी निघाली. याला सिंगल म्हणायचं, असं गायकानं आम्हाला शिकवलं. बासवाल्याच्या आईनं सीडी उलटीसुलटी पाहून विचारलं, "बाकीची गाणी कुठं गेली?"

मग व्हिडिओ. आमचा कॅमेरावाला एरवी लग्नं शूट करायचा. तेलीबांध्याच्या पुढे नव्या राजधानीकडे जाणारा रस्ता बनत होता, तिथं मुरमाचे ढीग होते, एक जेसीबी उभा होता. त्याला ती जागा पसंत पडली. त्यानं गायकाला कॅमेऱ्याकडे तोंड करून उभं केलं, म्हणजे माझ्याकडे त्याची पाठ. गिटारवाला आणि बासवाला जेसीबीच्या वर. आणि मला ड्रमसकट मुरमाच्या ढिगावर चढवलं. फळी मागितली तर म्हणाला, "फ्रेम में गंदा दिखेगा." गाणं एका व्हॅनच्या टेपवर लावायचं आणि आम्ही नुसते हात हलवायचे, असं काम होतं.

मी वर बसलो आणि मला कळलं की आता आपलं संपलं. पायाखाली मुरूम, त्यातून काही येत नाही. गायकाचं तोंड दिसत नाही. जेसीबीवरचे हात उन्हात दिसत नाहीत. आजवर सगळे माझ्या मागे चालले होते. आता मला माझ्याच मागे चालायचं होतं, आणि मीच मला ऐकू येत नव्हतो. मी अंदाजानं सुरुवात केली. कॅमेरावाल्यानं हात वर केला. पुन्हा. पुन्हा हात वर. गायक घामाघूम, गिटारवाला वैतागलेला. कोणीतरी म्हणालं, याला ऊन लागलं असेल.

बासवाला जेसीबीवरून उतरला, ढीग चढून आला आणि माझ्यासमोर उकिडवा बसला. म्हणाला, "तुले गाणं ऐकू येऊन राहिलं ना?"

"येऊन राहिलं ना!" मी फटकन म्हणालो.

त्याचा चेहरा पडला. बाजूला गायक उभा होता, त्यानं हातातली पाण्याची बाटली खाली ठेवली. मला कळेना काय झालं. मग बासवाल्यानं स्वतःच्या गळ्याला हात लावला आणि मान हलवली. तो नुसते ओठ हलवून बोलला होता. आवाज काढलाच नव्हता.

कोणी ओरडलं नाही, कोणी हसलं नाही. ते लोक वाईट नव्हते, हे मी आजही कोणालाही छातीठोकपणे सांगतो. गायक मुरमावर माझ्या शेजारी येऊन बसला, माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. पण कॅमेरा त्याच दिवसापुरता होता. गायकाचा एक कॉलेजचा मित्र शूटिंग बघायला आला होता, जिमवाला, देखणा. त्याला स्टुलावर बसवलं. त्याला ड्रम वाजवता येत नव्हते, पण गाणं तोंडपाठ होतं आणि कान होते. थोड्या सरावानं त्याचे हात गाण्यावर बरोबर पडायला लागले. मी व्हॅनला टेकून पाहत होतो. माझा ठेका त्याच्या हातात शोभून दिसत होता, च्यायला. मी बासवाल्याला एवढंच म्हणालो, "माह्या घरी सांगू नको." तो "हव" म्हणाला आणि त्यानं ते पाळलं.

इकडे आईनं कॉलनीभर सांगून ठेवलं होतं. लोकल केबलच्या चॅनलवर संध्याकाळी गाणं लागणार होतं, तर हिनं आलुबोंडे तळले, गल्लीतल्या बायांना बोलावलं, टीव्हीवरचा रुमाल धुऊन घातला. गाणं सुरू झालं. गायक आला, बासवाला आला, सगळे टाळ्या वाजवत होते. मग ड्रम दिसले आणि ड्रमवर तो.

शेजारची काकू म्हणाली, "हा कोण वो?"

मी उत्तर तयार ठेवलं होतं. "व्हिडिओत मॉडेल घेतात. सगळेच घेतात."

"मंग गाणारा काहून तोच हाये?" आई म्हणाली. "बासवाला काहून तोच हाये? तुलेच काहून बदललं?"

बाया आलुबोंडे संपवून एकेक करून निघून गेल्या. आई रिकामी परात घेऊन माझ्यासमोर आली. रागानं तिचे ओठ पातळ झाले होते, वाचायला त्रास झाला. "साहेबाचा पोट्टा राहिला. बामणाचा पोट्टा राहिला. गेला तो आपलाच गेला. आपण कोण हावो ते पाहून काढलं ना तुले?"

तसं होत नाही असं मी म्हणणार नाही. तिच्या बाबतीत झालं होतं, माझ्याही शाळेत झालं होतं, आणि त्या प्रत्येक वेळी ती दुसऱ्या दिवशी तिथं जाऊन उभी राहिली होती. पण या वेळी झालं नव्हतं. नाही म्हणालो तर ती विचारणार, मग काय झालं? हो म्हणालो तर गायकाच्या माथी नसलेलं पाप. मी काहीच म्हणालो नाही. आईनं त्याचा अर्थ हो असा घेतला.

सकाळी ती विहारात जाताना नेसायची पांढरी साडी नेसून तयार. साहेबाच्या बंगल्यावर जाणार होती. "मी भांडाले नाही जाऊन राहिली," ती म्हणाली, "मी फक्त इचारून येतो, त्याच्या मायसमोर." चपला घालून ती दारात ऑटोची वाट पाहत उभी राहिली. मी खोलीच्या मध्ये उभा. थांबवावं तर सांगावं लागणार, आणि सांगायचं नव्हतं.

तेवढ्यात केबलवर गाणं पुन्हा लागलं. बाबा तखतावरून उठले. रेडिओ असो की टीव्ही, आवडीचं काही लागलं की ते डब्याच्या डोक्यावर तळहात ठेवायचे, तेच त्यांचं ऐकणं. आदल्या संध्याकाळी बायांच्या गर्दीत त्यांना जागा मिळाली नव्हती. आता त्यांनी हात ठेवला, पडद्यावरच्या त्या देखण्या पोराकडे पाहिलं आणि नाक मुरडलं.

"हा नाही वाजवून राहिला," ते त्यांच्या त्या गगनभेदी आवाजात म्हणाले. तो आवाज माझ्या छातीला कळायचा. माझ्याकडे बोट करून म्हणाले, "हे याचं होय. तखतावरचं."

माझे डोळे भरून आले. रेकॉर्डिंगनंतर मी माझं गाणं एकदाही ऐकलं नव्हतं. मला काय झालं माहीत नाही, मी पुढे झालो आणि बाबांच्या हाताशेजारी माझा तळहात टीव्हीवर ठेवला. आणि आलं की! ठेका आला, बास आला, सगळं आलं, मनगटापर्यंत आलं. मी डोळे मिटले.

उघडले तेव्हा बाबा माझ्या हाताकडे पाहत होते. मग माझ्या तोंडाकडे. त्यांना कोणी समजावून सांगायची गरजच नव्हती. त्यांनी घाईघाईनं दाराकडे पाहिलं आणि माझं मनगट धरून हात टीव्हीवरून खाली ओढला. आईनं पाहू नये म्हणून. त्या माणसानं माझ्यासाठी केलेली सगळ्यात मायेची गोष्ट ती, आणि तिलाही उशीर झाला होता.

गाणं संपलं. दुसरं लागायच्या आधी पडदा काळा झाला आणि त्या काळ्या काचेत मला आई दिसली. ती आमच्या दोघांच्या पाठीमागे येऊन उभी होती. आमच्या घरात पाठीमागून कोणी बोलत नसे, पण ती बोलत होती. ओठ अगदी थोडेसे हलत होते. ती हळू बोलत होती. काचेत मला ते वाचता आलं नाही. बाबा तिच्याकडे पाठ करून उभे, मी तिच्याकडे पाठ करून उभा. मग काचेवर साबणाची जाहिरात आली आणि ती दिसेनाशी झाली.

मी वळलो तोवर तिचं बोलणं थांबलं होतं. ती काय म्हणाली ते मी पुढे कितीदा तरी विचारलं. वारेपर्यंत तिनं ते मला सांगितलं नाही.

बाहेर ऑटोवाला आला असावा, कारण तिनं दाराकडे पाहून हात हलवला, जा म्हणून. चपला काढून भिंतीशी नीट लावल्या. माझ्याजवळ आली, खांद्यावर बोटं ठोकली, खरं म्हणजे मी तिच्याकडेच बघत होतो. मग बशी ओठाला लावावी तसा हात तोंडाशी नेला आणि भुवया वर केल्या. चहा?

मी हो म्हणून मान हलवली. तोपर्यंत तिनं मला नेहमी तोंडानं विचारलं होतं.